तबकडीमागचे सत्य : लिलावातील जुने क्रोनोग्राफ अस्सल की जुळवलेले?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्स या लिलावगृहाने एक जुने ओमेगा स्पीडमास्टर घड्याळ विक्रीस ठेवले. ते १९५७ सालच्या पहिल्या मालिकेतील असून काळाची तपकिरी झालेली त्याची तबकडी हे त्याचे वैशिष्ट्य असल्याचे सांगण्यात आले. अंदाजित किंमत होती ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक. बोली मात्र चढत गेली आणि शुल्कासह किंमत ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकवर पोहोचली. विकत घेणारा ग्राहक दुसरा कोणी नसून खुद्द ओमेगा कंपनीच होती. आपल्या संग्रहालयासाठी तिने हे घड्याळ घेतले. पुढे जून २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून तयार केलेले आहे आणि या प्रकारात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे.

ज्या कंपनीने घड्याळ घडवले, जिच्यापाशी मूळ नोंदवह्या आहेत, जिच्या पदरी जगातील उत्तम कारागीर आहेत, तिलाच फसवता येत असेल, तर मोबाइलच्या पडद्यावर छायाचित्र पाहून बोली लावणाऱ्या सामान्य ग्राहकाची काय कथा? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर हताश होण्यासारखे नाही. घड्याळाचा अस्सलपणा पारखण्याची एक पद्धत आहे, तिला तर्क आहे आणि ती शिकता येते. या लेखाचा हेतू तीच पद्धत क्रमाने समजावून सांगण्याचा आहे.

हा विषय आपल्या दाराशी कसा?

स्विस क्रोनोग्राफ म्हटले की, तो धनिकांचा छंद वाटतो. प्रत्यक्षात अशी घड्याळे आपल्याकडील साध्या घरांतही निघतात, आणि त्याला इतिहास आहे. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. भारतात आयातीवर कडक निर्बंध असताना येथील बाजारात परदेशी वस्तू सहज मिळत. दुसरे उदाहरण सीमाभागातील औरादचे. आज कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात असलेला हा मराठीभाषक तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. निजामाच्या संस्थानाचे चलन स्वतंत्र होते आणि जकातीचे खातेही स्वतंत्र होते. ‘करोडगिरी’ हा शब्द त्या भागातील जुन्या मंडळींच्या तोंडी आजही सापडतो.

म्हणजे एक पोर्तुगिजांच्या अमलाखालचा किनारा आणि एक निजामाच्या अमलाखालचे पठार. दोन्हीकडे वस्तू आल्या त्या मुंबईच्या वाटेपेक्षा वेगळ्या वाटेने. अशा वस्तूंची पावती क्वचितच जपली गेली. आजोबांच्या पेटीत घड्याळ आहे, पण ते कोठून, कधी, कितीला आले याचा कागद नाही, ही स्थिती औरादमधील घरात जितकी संभवते तितकीच मडगावच्या घरात. कागद नसला की घड्याळालाच बोलते करावे लागते.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. लिलाव आता ऑनलाइन झाले आहेत. तालुक्याच्या गावी बसून मुंबईच्या किंवा जिनिव्हाच्या लिलावात बोली लावता येते. घड्याळ हाताळण्याची सोय मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही. पैसे आधी जातात आणि पारख नंतर होते, हा उलटा क्रम फसवणुकीला पोषक ठरतो.

क्रोनोग्राफ म्हणजे नेमके काय?

नेहमीची वेळ दाखवता दाखवता मधला एखादा कालावधी स्वतंत्रपणे मोजणारे घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’. निकोला र्‍यूसेक या फ्रेंच कारागिराने १८२१ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी जे यंत्र वापरले, ते खरोखरच तबकडीवर शाईचा ठिपका उमटवीत असे. नाव तेथून रूढ झाले. मनगटी क्रोनोग्राफला आज आपण ओळखतो ते दोन बटणांचे रूप १९३० च्या दशकात आले. वरचे बटण दाबले की मोठा सेकंदकाटा सुटतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालचे दाबले की शून्यावर परततो. आपोआप चावी भरणारे क्रोनोग्राफ प्रथम १९६९ मध्ये आले.

तबकडीवरच्या दोन किंवा तीन छोट्या वर्तुळांत मिनिटे, तास आणि चालू सेकंद दिसतात. कडेला बहुधा वेगमापनाची पट्टी असते. औराद–बीदर रस्त्यावर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत ४५ सेकंद लागले, तर काटा त्या पट्टीवर ८० दाखवील. म्हणजे गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर. काही घड्याळांवर अंतर मोजण्याची पट्टी असते. वीज चमकताच बटण दाबावे, गडगडाट ऐकू येताच थांबवावे; सहा सेकंद गेले असतील, तर वीज सुमारे दोन किलोमीटरवर पडली.

ही रचना लक्षात घेण्याचे कारण असे की, साध्या घड्याळापेक्षा क्रोनोग्राफमध्ये भाग कितीतरी अधिक असतात. जितके भाग अधिक, तितक्या अदलाबदलीच्या जागा अधिक.

‘अस्सल’ आणि ‘मूळ’ यांतील अंतर

विक्रेते हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात. ग्राहकाने तसे करू नये. ज्या घड्याळाचा प्रत्येक महत्त्वाचा भाग कारखान्यातून एकत्रच बाहेर पडला, ते ‘मूळ’ स्थितीतील घड्याळ. ज्याचे भाग त्याच कंपनीचे आहेत, पण काही भाग पुढे दुरुस्तीच्या वेळी बदलले गेले, ते अस्सल आहे. पूर्णपणे मूळ मात्र नाही. जिनिव्हाच्या प्रकरणाने एक तिसराच प्रकार पुढे आणला. जुन्या भागांची जुळवाजुळव करून पूर्वी कधीच अस्तित्वात नसलेले घड्याळ उभे करायचे. संग्राहक अशा घड्याळाला फ्रँकनस्टाइनच्या कथेवरून नाव देतात. आपण त्याला ‘जुळवलेले घड्याळ’ म्हणू. चौथा प्रकार उघड नकलेचा.

यांतील दुसरा प्रकार निंद्य नाही. साठ वर्षे वापरलेल्या घड्याळाची काच, चावी, स्प्रिंग बदललेली असणे स्वाभाविक आहे. दोष बदलात नाही, तो लपवण्यात आहे. नव्या काट्यांचे घड्याळ नव्या काट्यांचे म्हणून विकले, तर तो प्रामाणिक व्यवहार; तेच ‘कारखान्यातून आले तसेच’ म्हणून विकले, तर फसवणूक. म्हणून परीक्षकाचा पहिला प्रश्न ‘हे खरे आहे का?’ असा नसावा. ‘यातले काय काय मूळचे आहे?’ असा असावा.

तबकडी : किमतीचा मोठा वाटा येथेच

जुन्या क्रोनोग्राफच्या किमतीत तबकडीचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून सर्वाधिक हातचलाखी तेथेच होते. रोलेक्स डेटोनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावरचे डेटोना २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. त्याच्या तबकडीचा जो प्रकार आहे, त्यावर छोट्या सेकंदवर्तुळात १५, ३०, ४५, ६० असे आकडे असतात; त्याच काळातील साध्या डेटोनावर २०, ४०, ६० असतात. एवढ्याशा फरकावर किमतीत प्रचंड अंतर पडते. मग साध्या घड्याळात ‘न्यूमन’ तबकडी बसवण्याचा किंवा तशी छापून घेण्याचा मोह का होणार नाही?

आपल्याकडे दुखणे वेगळे आहे. जुन्या तबकडीवरचा रंग काढून ती नव्याने रंगवण्याचा व छापण्याचा उद्योग भारतात इतका चालला की, जगभरचे संग्राहक अशा भडक, चकचकीत घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले. फेवर ल्युबा, एचएमटी, सिको अशा अनेक नावांच्या घड्याळांना हे भाग्य लाभले. त्यातले प्रत्येक घड्याळ फसवणुकीच्या हेतूने रंगवले गेले असे नव्हे. आपल्याकडे जुनी वस्तू नवी करून वापरणे हा काटकसरीचा गुण मानला जातो, आणि घड्याळजीनेही गिऱ्हाइकाच्या मागणीनुसारच काम केलेले असते. पण संग्राहकाच्या दृष्टीने रंगवलेली तबकडी म्हणजे खोडलेला दस्तऐवज.

ती ओळखावी कशी? दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. मूळ छपाईच्या अक्षरांच्या कडा स्वच्छ आणि शाईची जाडी एकसारखी असते. पुनर्छपाईत अक्षरे किंचित पसरलेली, कंपनीच्या नावातील अंतरे विषम, चिन्ह जरासे वाकडे दिसते. छोट्या वर्तुळांत बहुधा बारीक समकेंद्री रेषा कोरलेल्या असतात. वरून रंगाचा थर चढला की त्या बुजतात. तळाशी, सहाच्या आकड्याखाली ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ ही अक्षरे असायला हवीत तेथे ती गायब होतात किंवा काठाखाली अर्धी झाकली जातात. मिनिटांच्या रेषा वर्तुळाच्या मध्याशी बरोबर जुळतात का, हेही पाहावे. आणि त्याच प्रकारच्या, खात्रीच्या घड्याळाचे छायाचित्र शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. स्मरणशक्तीवर विसंबू नये.

बीदरच्या बिदरी कामाची येथे आठवण होते. जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची जडण करून कारागीर किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने त्या धातूला काळा रंग आणतो. चांदी शुभ्र राहते. जुने बिदरी भांडे कोणी उत्साहाने घासून लख्ख केले, तर तो काळा थर झिजतो आणि चांदीची नक्षी उठून दिसेनाशी होते. जुन्या घड्याळाच्या तबकडीचेही तसेच आहे. तिचा फिकटपणा, तिच्यावरचे बारीक डाग यांनी तिचे वय सांगितलेले असते.

चमक सांगते साल

अंधारात चमकणाऱ्या रंगाचा पुरावा सर्वांत रंजक आहे, कारण त्यात भौतिकशास्त्र साक्षीला येते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घड्याळांवर रेडियमयुक्त रंग लावला जाई. पुढे ट्रिटियम आले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकले. त्यानंतर किरणोत्सर्ग नसलेले, प्रकाश शोषून चमकणारे रंग आले. ट्रिटियम वापरलेल्या अनेक स्विस तबकड्यांवर तळाच्या ‘स्विस’ शब्दाच्या आजूबाजूला इंग्रजी ‘टी’ हे अक्षर दिसते.

ट्रिटियमचा अर्धायुःकाल १२.३ वर्षांचा आहे. म्हणजे दर १२.३ वर्षांनी त्याचे प्रमाण निम्मे होते. १९६५ च्या घड्याळातील ट्रिटियम आज साठ वर्षांनंतर मूळच्या सुमारे तीन टक्केच उरले असेल. तेव्हा विक्रेता ‘१९६५ चे, अगदी मूळ’ असे म्हणत असेल आणि दिवा मालवल्यावर तबकडी रात्रभर हिरवीगार चमकत असेल, तर तो रंग नंतर लावलेला आहे, हे गणितच सांगते. रेडियमचे याउलट. त्याचा अर्धायुःकाल सुमारे १६०० वर्षे असल्याने साठ वर्षांत त्याचे प्रमाण तीन टक्क्यांनीही घटत नाही. तरीही जुनी रेडियम तबकडी चमकत नाही. कारण त्याच्यासोबतचे चमकणारे रसायन त्या माऱ्याने केव्हाच निकामी झालेले असते. चमक गेली म्हणून किरणोत्सर्ग गेला, असे मात्र समजू नये.

येथे आरोग्याची गंभीर बाब आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सीमधील कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करीत आणि त्यांच्या शरीरात रेडियम जाई. अनेकींचा त्यात बळी गेला. बंद घड्याळ आणि उघडलेले घड्याळ यांतील धोका सारखा नाही. म्हणून १९६० पूर्वीचे घड्याळ घरी उघडू नये, त्याच्या काट्यांवरचा भुकटीसारखा रंग खरवडू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.

आणखी एक साधी कसोटी आहे. तबकडीवरच्या ठिपक्यांचा आणि काट्यांमधल्या रंगाचा वर्ण एकमेकांशी सुसंगत असावा. ठिपके पिवळट-तपकिरी आणि काटे पांढरेशुभ्र असतील, तर दोहोंपैकी एक नंतरचे आहे. थोडा फरक स्वाभाविक असतो, कारण दोन्ही ठिकाणी रंग वेगवेगळ्या वेळी भरलेला असू शकतो. पण ठळक विसंगतीचे कारण विक्रेत्याला विचारलेच पाहिजे.

काटे, कडे आणि कवच

काट्यांची लांबी हे मूळपणाचे सोपे लक्षण आहे. मिनिटकाटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोहोचला पाहिजे. तो आखूड पडत असेल, तर दुसऱ्या घड्याळातून आला असण्याची शक्यता मोठी. छोट्या वर्तुळांतले काटे एकाच जातीचे आहेत का, हेही पाहावे.

बाहेरच्या कड्याचे महत्त्व स्पीडमास्टरच्या बाबतीत स्पष्ट दिसते. १९५७ च्या पहिल्या प्रकारात कडे पोलादी होते आणि त्यावर आकडे कोरलेले होते. पुढे काळे कडे आले. साधारण १९७० पर्यंतच्या काळ्या कड्यावर ९० या आकड्याचा ठिपका आकड्याच्या वर असतो. नंतरच्या कड्यावर तो बाजूला सरकतो. एका ठिपक्याच्या जागेवरून संग्राहक मोठी रक्कम वाढवून देतात. साहजिकच ते कडे एका घड्याळावरून काढून दुसऱ्यावर चढवले जाते. कडे अस्सल असते, पण त्या घड्याळाचे नसते.

कवचाच्या बाबतीत मुख्य शत्रू पॉलिश. कारखान्यातून आलेल्या कवचाच्या कडा धारदार असतात. पट्टा अडकवण्याच्या चार शिंगांवर तिरपे कापलेले काठ आणि ब्रशच्या बारीक समांतर रेषा दिसतात. वारंवार पॉलिश झाल्यावर कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, शिंगे बारीक होतात, पाठीवरचे कोरीव अंक पुसट होतात. गेलेला धातू परत येत नाही. ओरखडे असलेले पण धारदार कवच हे गुळगुळीत, चमकदार कवचापेक्षा अधिक मोलाचे मानले जाते ते याच कारणाने.

झाकण उघडल्यावर

विश्वासू घड्याळजीकडून झाकण उघडवून घ्यावे. आत चार गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, यंत्र कोणते आहे. फार थोड्या कंपन्या क्रोनोग्राफचे यंत्र स्वतः बनवीत. बहुतेक जणी व्हॅल्जू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया यांच्याकडून घेत. त्यामुळे तबकडीवर एका कंपनीचे नाव आणि आत दुसऱ्याचे यंत्र यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, त्या प्रकारच्या घड्याळात ते यंत्र असायला हवे होते का. १९५७ च्या स्पीडमास्टरमध्ये ३२१ क्रमांकाचे यंत्र हवे. ८६१ क्रमांकाचे यंत्र १९६८ मध्ये आले. तेव्हा ‘१९६० चे’ म्हणवणाऱ्या स्पीडमास्टरमध्ये ८६१ दिसले, तर संवाद तेथेच संपतो.

दुसरी गोष्ट, यंत्रणेचा प्रकार. जुन्या उंची क्रोनोग्राफमध्ये छोट्या खांबांचे कडे उभे केल्यासारखे दिसणारे एक चाक असते. त्याला कॉलम व्हील म्हणतात. बटण दाबले की ते एक घर पुढे सरकते आणि पुढची क्रिया घडवते. स्वस्त आणि सुटसुटीत रचनेत त्याऐवजी सपाट, आकार दिलेली पट्टी असते. ३२१ मध्ये पहिली रचना आहे, ८६१ मध्ये दुसरी. म्हणून भिंगातून पाहणाऱ्याला दोन्ही वेगळी ओळखता येतात.

तिसरी, क्रमांक. यंत्राचा, कवचाचा आणि झाकणाच्या आतील मालिकेचा क्रमांक एकमेकांशी आणि सांगितलेल्या सालाशी जुळतात का? चौथी, तबकडीचे पाय. तबकडीच्या मागे दोन बारीक खुंट्या असतात आणि त्या यंत्रातील ठरावीक भोकांत बसतात. तबकडी परकी असेल, तर हे पाय कापलेले आणि तबकडी चिकटवलेली आढळते. ही एक खूण पुष्कळ काही सांगून जाते.

चाचणी घेताना सेकंदकाटा सोडावा, थांबवावा, परत आणावा. तो बरोबर बाराच्या रेषेवर यायला हवा. येथे एक सावधगिरी. लँडेरॉन ४८ या फार प्रचलित यंत्रात वरचे बटण केवळ सुरू करते. थांबवणे आणि परत आणणे ही दोन्ही कामे खालचे बटण करते. हे माहीत नसलेला ग्राहक चांगल्या घड्याळाला बिघडलेले ठरवतो. पारख म्हणजे केवळ संशय नव्हे. निर्दोषाला निर्दोष म्हणता येणे हाही तिचाच भाग आहे.

कागद आणि कथा

आता जुळवाजुळवीचा अवघड भाग. कंपनीच्या नोंदवहीतला उतारा हा मोठा पुरावा समजला जातो. लाँजिनसारख्या कंपनीच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत आणि क्रमांक कळवल्यास त्या काळची नोंद मिळू शकते. परंतु नोंद सांगते ती त्या क्रमांकाच्या घड्याळाविषयी. आज आपल्या हातात असलेली तबकडी, काटे, कडे तेव्हा त्या क्रमांकासोबत होते की नाही, हे नोंदवही सांगू शकत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून शेतातले झाड तेव्हापासूनचे ठरत नाही, तसेच हे.

कथांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. समजा, एखाद्या विक्रेत्याने सांगितले की, हे घड्याळ बीदरच्या हवाई दल तळावरील प्रशिक्षकाचे आहे. कथा अशक्य नाही. बीदरला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, सूर्यकिरण पथकाची स्थापना १९९६ मध्ये तेथेच झाली आणि वैमानिक व क्रोनोग्राफ यांचे नाते जुने आहे. पण शक्य असणे म्हणजे घडलेले असणे नव्हे. कथेला आधार काय? त्या व्यक्तीच्या मनगटावर ते घड्याळ दिसणारे छायाचित्र, सेवेचा कागद, पाठीवर कोरलेले नाव, दुरुस्तीची पावती, यांपैकी काही आहे का? नसेल, तर कथा ऐकावी, पण तिची किंमत मोजू नये. न्यूमनच्या घड्याळाच्या पाठीवर पत्नीने कोरून घेतलेला, गाडी जपून चालवण्याविषयीचा मजकूर होता आणि घड्याळ कोणाकडून कोणाकडे गेले, याचा माग स्पष्ट होता. कथा अशी सिद्ध होते, तेव्हाच ती भाव वाढवते.

लिलावाची भाषा वाचावी

लिलावाची सूची जे सांगते त्यापेक्षा जे सांगत नाही ते अधिक काळजीने वाचावे. ‘तबकडी सुस्थितीत’ याचा अर्थ ‘तबकडी मूळची’ असा होत नाही. लिलावगृहांच्या अटींमध्ये बहुधा वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते आणि एखाद्या दुरुस्तीचा उल्लेख नसणे म्हणजे दुरुस्ती झालेली नाही, असे मानू नये, असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणून बोलीपूर्वी लेखी स्थितीअहवाल मागवावा. झाकण उघडून काढलेली छायाचित्रे, तबकडीचे निकटचित्र, दोन्ही बाजूंच्या शिंगांची छायाचित्रे मागावीत. ‘तबकडी पुन्हा रंगवलेली आहे का?’, ‘काटे आणि कडे याच घड्याळाचे आहेत का?’ असे थेट प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच.

हिशेब आधी करावा. बोलीवर खरेदीदाराचे शुल्क वेगळे असते. ते २५ टक्के धरले, तर एक लाखाच्या बोलीचे सव्वा लाख होतात. कर आणि वाहतूक निराळी. परदेशातून घड्याळ येणार असेल, तर सीमाशुल्क आणि जुन्या मालाच्या आयातीचे नियम बोलीपूर्वीच तपासावेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा विचार करावा लागतो. अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधने आहेत. घड्याळ हाती आल्यावर लगेच, तक्रारीची मुदत संपण्यापूर्वी, स्वतंत्र घड्याळजीकडून ते तपासून घ्यावे आणि त्याचे निरीक्षण लिहून घ्यावे.

पेटीतल्या घड्याळाचे काय?

हे सारे वाचताना कित्येकांना घरातले एखादे बंद पडलेले घड्याळ आठवले असेल. त्यांच्यासाठी सल्ला खरेदीदाराहून वेगळा आहे. विकायचे असो वा नसो, आधी काहीही करू नये. पॉलिश नको, नवी तबकडी नको, गंजलेली बटणे जोराने दाबणे नको. काटे बदलावे लागले, तर जुने काटे घड्याळजीकडून मागून घेऊन पुडीत ठेवावेत. तबकडी काढलीच, तर तीही. चांगला कारागीर असा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला वेडा समजत नाही, जाणकार समजतो.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ते घड्याळ कोणाचे, साधारण कोणत्या साली आले, कोणत्या लग्नात किंवा कोणत्या नोकरीत मिळाले, हे कागदावर लिहून ठेवावे. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख खाली असावी. ते घड्याळ घातलेले एखादे जुने छायाचित्र असेल, तर त्याची प्रत सोबत ठेवावी. करोडगिरीच्या नाक्यावरून किंवा मुरगाव बंदरातून आलेल्या घड्याळाची पावती आता मिळणार नाही. पण ते कोणी वापरले हे सांगणारी माणसे अजून घरात असतील, तर ती साक्ष आजच नोंदवता येते. तबकडी पुन्हा रंगवता येते, कडे दुसरीकडून आणता येते, क्रमांकही कोरता येतो. ही नोंद मात्र दुसऱ्या कोणत्याही घड्याळातून काढून बसवता येत नाही.